ओढलं की सगळं येतं

कागदावर दोन आकृती आहेत. नुसत्या रेषांच्या, आत रंग नाही. एक दुसरीवर अर्धवट चढलेली. किती वस्तू दिसतात, असा प्रश्न. उत्तर देणारा माणूस २९ वर्षांचा आहे आणि त्याला दिसू लागून फार दिवस झालेले नाहीत. तो म्हणतो, तीन.

जन्मापासून त्याच्या डोळ्यांत भिंगच नव्हतं. भिंगाचं काम करणारा जाड चष्मा त्याला मिळाला, तोपर्यंत आयुष्याची एकोणतीस वर्षं गेली होती. अमेरिकेतल्या एमआयटीचे पवन सिन्हा आणि दिल्लीतले नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून उभ्या केलेल्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये त्याची तपासणी झाली. संशोधनाच्या कागदांत त्याची ओळख ‘एसके’ या दोन अक्षरांपुरती आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याच्याबरोबर आणखी दोघं होते, सात आणि तेरा वर्षांचे. दोघांचेही जन्मजात मोतीबिंदू नुकतेच काढलेले.

तीन म्हणताना एसकेची मोजण्यात चूक झालेली नाही. कागदावर बंदिस्त जागा खरोखरच तीन आहेत. पहिल्या आकृतीचा उघडा भाग, दुसरीचा उघडा भाग आणि दोघींचा सामाईक असा मधला. आपण ‘दोन’ म्हणतो तेव्हा कागदावर नसलेलं काहीतरी त्यात घालतो. ही रेघ त्या रेघेला ओलांडून पलीकडे तशीच पुढे गेली आहे, असं धरून चालतो. ‘धरून चालतो’ म्हणणंही बरोबर नाही, कारण धरायला मध्ये क्षणभराचीही उसंत नसते. डोळे उघडले की दोन.

फोटो दाखवले तेव्हा हे आणखी ठळक झालं. रंगाचा, उजेडाचा जिथे जिथे फरक, तिथे तिथे या तिघांना वेगळी वस्तू दिसे. म्हणजे एखादी बांडी गाय उन्हात उभी असेल तर पांढरा डाग एक, काळा डाग दुसरा, पोटाखालची सावली तिसरी, अशी ती गाय त्यांच्यापुढे तुकड्यातुकड्यांनी पडणार. त्यांची नजर आपल्याइतकी तीक्ष्ण नव्हती हे खरं, पण अडचण अंधुकपणाची नव्हती. कडा दिसत होत्या, रंग दिसत होते. कोणता तुकडा कोणाचा, हे कळत नव्हतं.

आपल्याला ते कळतं. कसं कळतं, या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत जी उत्तरं दिली गेली, त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर अपुरं आहे असं मला वाटतं. त्याच्या जागी काय ठेवावं, याचा एक धागा आपल्याच जुन्या दर्शनांत सापडतो असंही वाटतं.

प्रसिद्ध उत्तर जर्मनीतलं. १९१० साली माक्स वेर्थायमर हा प्रागमध्ये जन्मलेला तरुण मानसशास्त्रज्ञ सुट्टीसाठी आगगाडीनं निघाला होता. वाटेत काहीतरी सुचलं म्हणून तो फ्रांकफुर्टला उतरला आणि चित्रं फिरवून हालचालीचा भास करणारं एक खेळणं त्यानं विकत घेतलं, अशी हकिकत सांगितली जाते. पुढचे प्रयोग मात्र हकिकत नाहीत, ते १९१२ मध्ये छापले गेले. दोन रेघा थोड्या अंतरावर, आळीपाळीनं उजळणाऱ्या. मधला अवकाश एका सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा ठेवला तर एकीनंतर दुसरी दिसते. तीस मिलिसेकंदांवर आणला तर दोन्ही एकदमच पेटल्यासारख्या वाटतात. आणि साठ मिलिसेकंदांच्या आसपास एकच रेघ इकडून तिकडे सरकते. सरकणारी रेघ कुठेच नसते, तरी ती दिसते. प्रयोगात बसलेले दोन मुख्य प्रेक्षक होते वोल्फगांग कोहलर आणि कुर्ट कॉफ्का. पुढे या तिघांच्या नावानंच गेस्टाल्ट संप्रदाय ओळखला गेला.

योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत दादासाहेब फाळके वाटाण्याच्या उगवणाऱ्या रोपट्याची रोज थोडी थोडी चित्रं टिपत होते. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. सुट्या चित्रांतून एकसंध हालचाल कशी उभी राहते, हे एकानं प्रयोगशाळेत दाखवलं, दुसऱ्यानं पडद्यावर.

तोवरचं मानसशास्त्र संवेदनेचे कण मोजत होतं. इतका उजेड, इतका रंग, त्यांची बेरीज म्हणजे दृश्य. वेर्थायमरचं म्हणणं होतं की समोरच्या घराकडे पाहताना कोणालाही उजेडाचे कण दिसत नाहीत, घर दिसतं. बीज त्याच्याही आधीचं आहे. १८९० साली क्रिस्टियान फोन एरेनफेल्स यानं सुरावटीचं उदाहरण दिलं होतं. तीच चाल वरच्या पट्टीत गायली तर प्रत्येक सूर बदलतो, चाल तीच राहते. पांढरी दोनमध्ये गाणारा काळी चारला गेला म्हणून भूप काही बदलत नाही. तेव्हा चाल ही सुरांच्या बेरजेहून निराळीच गोष्ट आहे.

१९२३ साली वेर्थायमरनं नुसते ठिपके आणि रेघा मांडून हे निराळेपण कोणत्या नियमांनी चालतं ते दाखवलं. हे नियम मराठी घरात शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. उंबऱ्यापुढे ‘पंधरा ते आठ’ ठिपके घालणारी बाई रोज त्यांच्याशीच खेळते. उभे-आडवे सारख्या अंतरावर ठिपके दिले की नजर ठरत नाही. कधी आडव्या ओळी दिसतात, कधी उभ्या रांगा, कधी तिरक्या माळा. आडवं अंतर किंचित कमी केलं की ओळी पक्क्या होतात. ही समीपता. एकाआड एक ठिपके लाल केले की लाल लालांकडे जातात. हे साम्य. मग ती बोटांच्या चिमटीतून रेघ सोडते, ठिपक्याला वळसा घालून, आधीच्या रेघेला छेदून. छेदाच्या जागी चार टोकं एकत्र येतात, पण बघणाऱ्याला कोणती रेघ कुठून आली याचा कधी संभ्रम पडत नाही. वळण जसं आलं तसंच पुढे जातं. हे सातत्य. थोडी फट राहिली तरी कमळाची पाकळी मिटलेलीच दिसते. ही पूर्ती. आणि पाचवा नियम रांगोळीत दिसत नाही, त्याला आभाळ लागतं. हिवाळ्यात ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचा थवा वळतो तेव्हा हजारो पक्षी मिळून एकच देह वळल्यासारखं वाटतं. जे एकत्र हलतं ते एक. वेर्थायमरनं याला जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘सामाईक नशीब’ असा होतो. मी त्याला सहगती म्हणेन.

या यादीत पुढच्या लोकांनी भर घातली. त्यातली एक भर आपल्या लिपीसाठी महत्त्वाची आहे. १९९४ मध्ये स्टीफन पामर आणि अर्विन रॉक यांनी दाखवलं की दोन गोष्टींना जोडणारी नुसती एक रेघ समीपतेवर आणि साम्यावर मात करते. देवनागरीची शिरोरेषा हे काम शतकानुशतकं करत आली आहे. अक्षरं कितीही वेगळ्या घडणीची असोत, वरची रेघ त्यांना शब्दात बांधते आणि रेघ तुटली की शब्द संपला हे वाचायच्या आधीच कळतं. मोडीत मात्र आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारून ठेवत आणि तिच्याखाली बोरूनं अक्षरं लिहीत जात. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची रीत नव्हती. ज्या रेघेनं देवनागरीत शब्द वेगळे पडतात, तीच रेघ मोडीत पूर्ण ओळीला एक करून टाकते. म्हणून मोडी शिकताना अक्षरओळख झाली तरी वाचन पुढे सरकत नाही. शब्द कुठे तोडायचा हे डोळा सांगत नाही, भाषा सांगते, पत्राचा विषय सांगतो, त्या काळच्या कारभाराची ओळख सांगते. मुरलेल्या मोडी वाचकाला ठरावीक मायना एका नजरेत दिसतो, नवशिक्याला त्याच जागी आकड्यांची माळ दिसते.

मोडीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. तुकडे जोडण्याचं काम दोन पातळ्यांवर चालतं आणि बोलताना त्यांची गल्लत होते. मोडीतला शब्द ज्ञानानं जुळतो. रांगोळीतली पाकळी ज्ञानाची वाट पाहत नाही. गेस्टाल्टवाल्यांचा जोर या दुसऱ्या पातळीवर होता आणि त्यांची ठाम भूमिका अशी होती की हे नियम कोणी शिकत नाही, मेंदूची घडणच तशी आहे. पुरावा म्हणून त्यांच्या गोटातल्या कुर्ट गॉटशाल्टचा १९२६ चा प्रयोग दिला जाई. काहींना एक साधी आकृती तीन वेळा दाखवली, काहींना तब्बल ५२० वेळा. मग तीच आकृती मोठ्या, गुंतागुंतीच्या आकृतीत लपवली. पाचशे वीस वेळा पाहिलेल्यांनाही ती आपसूक दिसेना. तेव्हा अनुभव हरला, रचना जिंकली, असा निष्कर्ष निघाला.

कोहलर त्याहून पुढे गेला. मेंदूत विजेची क्षेत्रं पसरतात आणि साबणाच्या फुग्यासारखी आपोआप सुबक आकार घेतात, तोच आपल्याला दिसणारा आकार, असं त्यानं मांडलं. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. एप्रिल १९३३ मध्ये, ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढायला सुरुवात झाली तेव्हा, बर्लिनच्या वर्तमानपत्रात स्वतःच्या नावानं निषेधाचा लेख लिहिण्याचं धैर्य त्यानं दाखवलं, आणि तसं करणारे तिथे फारच थोडे होते. वेर्थायमर त्याच वर्षी देश सोडून न्यूयॉर्कला गेला, दोन वर्षांनी कोहलरनंही देश सोडला. पण क्षेत्रांचा सिद्धांत टिकला नाही. १९५१ मध्ये कार्ल लॅशली आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूवर सोन्याचे पत्रे ठेवून पाहिले. विजेची क्षेत्रं असतील तर ती विस्कटायला हवी होती. माकडांना पूर्वीसारखंच दिसत राहिलं. पुढे रॉजर स्पेरीनं मांजरांच्या मेंदूत अभ्रकाच्या चकत्या घालून तसंच दाखवलं.

मेंदूत प्रत्यक्षात काय आढळलं ते थोडक्यात सांगतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९५९ पासून दाखवलं की दृष्टीच्या पहिल्या टप्प्यावरची प्रत्येक पेशी जणू एका लहानशा भोकातून जग पाहते आणि त्या भोकात ठरावीक कलाची कड आली तरच बोलते. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. पण लहान भोकं मोठं दृश्य कसं रचतात? १९५५ साली गाएतानो कानिझानं तीन काळ्या चकत्यांना खाचा पाडून मध्ये पांढरा त्रिकोण उभा केला होता. त्रिकोणाच्या कडा कागदावर नाहीत, तरी दिसतात. १९८४ मध्ये रुडिगर फोन डेर हाइट आणि सहकाऱ्यांना माकडाच्या मेंदूत, दुसऱ्या टप्प्यावर, अशा पेशी सापडल्या ज्या नसलेल्या कडांनाही असलेल्या कडांसारखंच उत्तर देत होत्या. २००० साली त्यांच्याच गटानं आणखी नवल दाखवलं. तीच कड, त्याच जागी. ती डावीकडच्या वस्तूची असेल तर पेशी जोरात बोलते, उजवीकडच्या वस्तूची असेल तर मंद. भोकातून दिसणारं दृश्य दोन्ही वेळा अगदी सारखं, तरीही शेताचा बांध कोणाच्या सातबाऱ्यावर चढलाय हे पेशीला ठाऊक. भोकाबाहेरची खबर तिला शेजारच्या आणि वरच्या पेशींकडून, सेकंदाच्या काही शतांशांत, पोचलेली असते.

ही यंत्रणा बिघडली तर काय होतं तेही पाहायला मिळालं आहे. इंग्लंडमधल्या एका गृहस्थांना मेंदूच्या मागच्या भागात झटका आला. ग्लिन हम्फ्रीज आणि जेन रिडॉक यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. सेंट पॉल कॅथीड्रलचं चित्र समोर ठेवलं तर हे गृहस्थ कित्येक तास खपून ते रेघ न् रेघ उतरवत. पाहून ते कशाचं चित्र आहे हे मात्र त्यांना सांगता येत नसे. सगळे अवयव हाताशी, अवयवी गायब.

अवयवी. हा शब्द आला की वाद आपल्या अंगणात येतो. न्यायदर्शन आणि बौद्ध यांच्यातला एक जुना, चिवट वाद याच एका शब्दाभोवती आहे. तंतूंनी बनलेलं वस्त्र हे तंतूंहून वेगळं काही आहे का? बौद्ध म्हणतात, नाही. तंतू आहेत, ‘वस्त्र’ ही आपली सोय. नैयायिक म्हणतात, आहे. अवयवांत राहणारा पण अवयवांहून वेगळा असा अवयवी आहे, आणि आपल्याला दिसतो तो तोच. गौतमाच्या न्यायसूत्रांत, दुसऱ्या अध्यायात, यासाठी दिलेलं एक कारण इतकं साधं आहे की वाचताना त्यावरून नजर सहज घसरते. एक भाग धरला की सगळं धरलं जातं, एक भाग ओढला की सगळं ओढलं जातं. धारण आणि आकर्षण. पदर ओढला तर साडी येते. वाळूच्या ढिगाचा कण ओढला तर ढीग येत नाही. प्रतिपक्ष विचारतो, लांबून सेना किंवा अरण्य एकच दिसतं, तिथे काय म्हणाल? सैनिक तर सुटे आहेत. त्या शंकेलाही सूत्रांत जागा आहे.

मला हे कारण महत्त्वाचं वाटतं कारण ते दिसण्याबद्दल नाही, ओढण्याबद्दल आहे. वस्तू एक आहे की नाही याचा निवाडा समीपतेनं किंवा साम्यानं होत नाही. लांबून सेना जवळजवळ असते, सारख्या पोशाखात असते, तरी ती एक वस्तू नसते. निवाडा होतो तो हलवल्यावर. गेस्टाल्टचे पाच नियम पुस्तकांत भावंडांसारखे एका ओळीत उभे केले जातात, तिथेच घोळ होतो. माझं म्हणणं असं की पाचांतला एक साक्षीदार आहे आणि बाकीचे चार त्याच्या साक्षीवर उभे आहेत. सहगती हा तो साक्षीदार. जगात जे जोडलेलं असतं ते एकत्र हलतं. जवळ असणं, सारखं असणं, रेघ सलग असणं या त्याच्या खुणा आहेत, बहुतेक वेळा खऱ्या, कधी फसव्या.

पुन्हा एसकेकडे येऊ. त्याला जी स्थिर चित्रं तुकड्यांत दिसत, त्यांतल्या आकृती पडद्यावर हलवल्या की कोड्याचा उलगडा होई. एकत्र सरकणारे तुकडे त्याला ताबडतोब एक वाटत. लहान दोघांचंही तेच. इतकंच नाही, तर स्थिर फोटोंतल्या ज्या वस्तू त्यांना ओळखता येत त्यांत एरवी हलणाऱ्या वस्तू अधिक असत. जे त्यांच्यापुढे हललं होतं ते आधी ‘एक’ झालं होतं, आणि मग स्थिर असतानाही एक राहिलं होतं.

तान्ह्या बाळांकडेही असंच दिसतं. फिलिप केलमन आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी १९८३ मध्ये चार महिन्यांच्या बाळांपुढे एक काठी ठेवली, मधल्या भागावर ठोकळा आडवा. काठीचं वरचं आणि खालचं टोक तेवढं दिसतं. दोन्ही टोकं एकत्र डावी-उजवीकडे हलली तर बाळ ती एकच काठी आहे असं मानतं. नंतर ठोकळा काढून मधून तुटलेली काठी दाखवली तर ते तिच्याकडे जास्त वेळ बघत राहतं. काठी स्थिर ठेवली तर बाळाचं असं काही मत बनत नाही. विशेष हे की वरचा तुकडा आणि खालचा तुकडा घडणीनं अगदी वेगळे असले तरी एकत्र हलले की बाळाच्या लेखी ते एक. साम्याला तिथे अजून किंमत आलेली नाही. ती पुढे येते.

नवजात अर्भकाला मात्र हलणाऱ्या टोकांतूनही एक काठी दिसत नाही, दोन तुकडेच दिसतात. ही गोष्ट माझ्या मताला थोडी अडचणीची आहे आणि ती झाकून ठेवायची नाही. सहगतीही पहिल्या दिवशी हाती नसते, पहिल्या काही महिन्यांत येते. पण येते ती सर्वांआधी, आणि बाकीच्यांना वाट दाखवते, एवढं म्हणायला पुरावा पुरेसा आहे.

गॉटशाल्टच्या ५२० वेळांचं काय? तो प्रयोग मी नाकारत नाही, त्याचा निष्कर्ष नाकारतो. एक विशिष्ट आकृती पाचशे वेळा पाहणं हा एक अनुभव. जवळजवळच्या कडा बहुधा एकाच वस्तूच्या असतात, हा लाखो क्षणांत झिरपलेला दुसरा. पाचशे वेळांच्या सरावानं लाखो क्षणांचा संस्कार पुसला गेला नाही, तर त्यातून अनुभव कुचकामी ठरत नाही. एगॉन ब्रुन्सविक आणि जो कामिया यांनी १९५३ साली चित्रपटातल्या स्थिर दृश्यांवर मोजपट्टी धरून पाहिलं. शेजारशेजारच्या समांतर रेषा जितक्या जवळ, तितकी त्या एकाच वस्तूच्या असण्याची शक्यता थोडी अधिक. फरक लहान निघाला, पण निघाला. समीपतेचा नियम मेंदूची लहर नसून जगाच्या घडणीची नोंद आहे, याची ती पहिली मोजणी.

याहून अवघड आक्षेप कोंबडीच्या पिलाचा आहे. लुचिया रेगोलिन आणि जॉर्जो व्हालॉर्टिगारा यांनी १९९५ मध्ये नुकत्याच फुटलेल्या अंड्यांतल्या पिलांना अर्धवट झाकलेल्या त्रिकोणाचा लळा लावला. मग त्यांना दोन गोष्टींत निवड दिली, पूर्ण त्रिकोण आणि त्याचे तुकडे. पिलं पूर्ण त्रिकोणाकडे धावली. त्यांना कोणी शिकवायला वेळच नव्हता. मग शिकण्याची भाषा कशाला?

माझ्या मते इथे प्रश्न कोणी शिकलं हा आहे. पिलाला पहिल्याच दिवशी आईमागे धावायचं असतं. गवताआड अर्धी दिसणारी कोंबडी एकच आहे हे न कळणारी पिलं ससाण्याच्या, मुंगसाच्या तोंडी गेली. उरलेल्यांचा वंश ते शिकून बसला. माणसाचं मूल महिनोन् महिने आईच्या हातांवर असतं, त्याला उशीर परवडतो, आणि त्या बदल्यात ते ज्या जगात जन्मलं त्या जगाचं शिकून घेतं. एकाचं शिक्षण पिढ्यांत झालं, दुसऱ्याचं महिन्यांत. गुरू दोघांचाही एकच: हलणारं जग.

शिकारी प्राण्यांना आणि त्यांच्या भक्ष्यांना हे आपल्याआधी ठाऊक आहे. रातवा पाचोळ्यावर बसतो तेव्हा त्याच्या पिसांवरच्या रेघा आणि डाग त्याच्या देहाची कड तोडतात. एक डाग पानाशी जुळतो, दुसरा सावलीशी, पक्षी शिल्लक राहत नाही. ह्यू कॉट या प्राणिशास्त्रज्ञानं १९४० मध्ये यावर मोठा ग्रंथ लिहिला. समीपता, साम्य, सातत्य हे सगळे नियम रातवा आपल्याविरुद्ध वापरतो. एका नियमापुढे मात्र तो हतबल आहे, म्हणून पाय अगदी जवळ पडेपर्यंत तो हलत नाही. मी अशा एका पक्ष्यापासून चार हातांवर उभा राहून, वाटाड्यानं बोटानं दाखवूनही, बराच वेळ नुसती पानं पाहत होतो. तो उडाला तेव्हा पानांतून एक पक्षी कापून निघाल्यासारखा वाटला.

न हलणाऱ्या गोष्टींचं काय, हा शेवटचा आक्षेप. आभाळातले तारे एकमेकांच्या तुलनेत जागचे हलताना कोणी आयुष्यात पाहिलेले नाहीत, तरी आपण त्यांच्या आकृती करतो. मेलबर्नचे चार्ल्स केम्प आणि सहकारी यांनी २०२२ मध्ये २७ संस्कृतींतल्या तारकासमूहांची तुलना केली. एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी पुष्कळदा तेच तारे एकत्र बांधले होते, आणि ताऱ्यांचं तेज व जवळीक एवढ्या दोन गोष्टींवरून त्यातल्या बऱ्याच आकृतींचा अंदाज करता आला. इथे सहगतीची साक्ष नव्हती. जमिनीवर कमावलेला नियम माणसानं आभाळावर वापरला.

तो बरोबर ठरला का? सप्तर्षींचं उत्तर मला विलक्षण वाटतं. क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरा, वसिष्ठ, मरीची. यांतले मधले पाच, पुलहापासून वसिष्ठापर्यंत, आपल्यापासून सुमारे ऐंशी प्रकाशवर्षांवर आहेत आणि एकाच दिशेनं, एकाच वेगानं चालले आहेत. ते एकाच वायुमेघातून जन्मलेले सख्खे तारे आहेत. रिचर्ड प्रॉक्टर या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञानं ही सहगती १८६९ मध्ये ओळखली. टोकाचे दोघे, क्रतू आणि मरीची, वेगळ्या अंतरांवर आहेत आणि वेगळ्या वाटांनी जातात. लाखभर वर्षांनी ही आकृती ओळखू येणार नाही. समीपतेच्या जोरावर डोळ्यानं सात म्हटलं होतं, पाच खरे निघाले, आणि हे ठरवलं हालचालीनंच. वस्त्र ओढून पाहिलं, दोन धागे सुटून आले.

न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनानं धारण-आकर्षणाच्या युक्तिवादावर शंका घेतली आहे हेही सांगायला हवं. ओढल्यावर सगळं येतं ते ‘संग्रहा’मुळे, ओल्या मातीत पाण्यामुळे येतो तशा चिकटपणामुळे, तेवढ्यावरून अवयवी सिद्ध होत नाही, असं तो म्हणतो. वस्तूच्या स्वरूपाबद्दल बोलायचं तर त्याची शंका रास्त आहे. पण डोळ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. डोळ्याला अवयवी सिद्ध करायचा नसतो, कशाला एक म्हणून धरायचं ते ठरवायचं असतं, आणि त्यासाठी चिकटपणाची खूण पुरते.

हे सगळं नुसतं तात्त्विक राहिलं असतं तर मी इतक्या आग्रहानं लिहिलं नसतं. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा पहिल्या महिन्यांत शिवून ठेवला, तेव्हा नंतर तो उघडूनही त्या डोळ्याची दृष्टी आली नाही. त्यावरून माणसाबद्दलही एक समजूत घट्ट झाली, की सहा-आठ वर्षं उलटल्यावर जन्मांध मुलाचे डोळे उघडण्यात फारसा अर्थ नाही, मेंदूचं दार बंद झालेलं असतं. या समजुतीपायी मोठ्या मुलांना परत पाठवलं गेलं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत अशा मुलाची परीक्षा घेतली तर समजूत खरीच वाटेल. पुस्तकातलं चित्र दाखवलं, मूल गोंधळलं, घरचे निराश झाले. पण ती परीक्षा चुकीच्या जागी घेतलेली असते. स्थिर चित्र हे दृष्टीचं शेवटचं फळ आहे, आणि आपण ते पहिल्या दिवशी मागतो. त्या मुलाला अंगणात न्यायला हवं, जिथे कोंबडी चालते, दोरीवरचं लुगडं वाऱ्यानं हलतं, आई ताट उचलते आणि ताटाबरोबर ताटाची कड, त्यावरची चकाकी आणि आतली भाकरी एकत्र उचलली जाते.

एसकेला दीड वर्षानं पुन्हा तशीच स्थिर चित्रं दाखवली. मधल्या काळात त्याला कोणी चित्रं वाचायचे धडे दिले नव्हते. तो घरात, रस्त्यावर, माणसांत वावरत होता. नजरेचा अंधुकपणा बराचसा होता तसाच होता. पण आता एकमेकांवर चढलेल्या आकृती त्याला बहुतेक वेळा बरोबर वेगळ्या करता येत होत्या, आणि त्यासाठी त्या हलवून दाखवाव्या लागत नव्हत्या.